उजेडाची फूटपट्टी अन् मपली वीत

लोकं काशीला जाऊन येतात, तिरुपतीला जाऊन येतात, अन् आल्यावर परसाद वाटत गावभर सांगत फिरतात. मी पाच दिवस मपल्याच जिल्ह्यात जीप फिरवून आलो. हिंगोली जिल्ह्याच्या बाहेर चाकबी गेलं न्हाई. तरी लोकं मलाच इचारून राहिले, "केरबा, सांग की बा, काय झालं तिकडं?" एकेकाला सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून हे लिहून काढलंय. लिहून काढलंय म्हणजे मी बोललो अन् बायकोनं लिहिलं. मी शाळेत गेलोच न्हाई असं न्हाई, पण दुसऱ्याच आठवड्यात मास्तरानं बापाला बोलावून सांगितलं, ह्याला घरी न्या, ह्याच्यापायी बाकीची लेकरं हसून राहिली. सुनंदा सातवी शिकलेली हाय. कुठं अक्षर चुकलं तर तिचं, अन् कुठं अक्कल चुकली तर मपली.

मी ज्या माळाची गोष्ट सांगतो तिथं तुमी गेलेले नसाल. जायचं कारणबी न्हाई. तिथं देऊळ न्हाई, धरण न्हाई, हॉटेल न्हाई, मोबाइलला रेंजसुदिक एका कडुलिंबाच्या झाडाखालीच येती. तिथं काहीच न्हाई, अन् तेच त्या जागेचं मोठेपण हाय. ते कसं, ते पुढं कळंल.

मंगळवार, सेनगाव ते माळ

जीप मपली सेनगावच्या स्टँडवर उभी असती. त्या दिवशी एक बाई अन् एक सर आले. बाई सत्तरीच्या पुढच्या, बारके कापलेले पांढरे केस, सुती साडी अन् पायात कॅनव्हासचे बूट. सर पंचेचाळिशीचे, दोन हातात दोन मोबाइल. सर म्हणले, "पाच दिवस गाडी हवी आहे. पण हळू चालवता येईल का?"

मी म्हणलं, "सर, जोरात चालवता येईल का असं इचारलं असतं तर तुमाला दुसरी जीप बघावी लागली असती."

बाई हसल्या. जलमात पहिल्यांदा मी कुठल्या तरी परीक्षेत पास झालो.

दोघं पुण्याहून आलते. संगं एक लाकडी पेटी होती, शाळेच्या बाकाएवढी, आत बाईंचं यंत्र. ते यंत्र बाईंनी तरुणपणी स्वतःच्या हातानं केलेलं. जमीन केसाच्या हजारव्या हिश्शाएवढी हलली तरी त्याला कळतं. कुठंतरी एक लई मोठं मोजमापाचं काम उभं राहायचं होतं, त्याला गप्प बसणारी जमीन लागती, अन् त्यांच्या नजरंत दोन जागा होत्या. एक दुसऱ्या राज्यात अन् एक आमच्या गफारचाचाचा, त्याच्या शेताला लागलेला माळ. शनिवारी सरांना वर कळवायचं होतं की ह्या माळाचं काय.

सेनगावपासून तो माळ अर्ध्या तासाचा. आमाला साडेतीन तास लागले. बाई मोहरं चालून राहिल्या होत्या, खड्डा आला की हात वर करायच्या, अन् मी मागून पहिल्या गेअरमधी. आमाला मागं टाकून सायकल गेली. मग म्हशी गेल्या. मग एक बैलगाडीवाला बराबरीनं आला, पेटीकडं बघून डोक्याची टोपी काढली अन् हळूच म्हणला, "केरबा, कोण गेलं?"

"कुणी न्हाई गेलं. यंत्र हाय."

"मग बाई काहून पुढं चालून राहिल्या?"

त्यानं पेटीला नमस्कार केला अन् गेला.

माळावर सरांच्या माणसांनी आधीच एक खोली बांधून ठेवलती. खोलीच्या मधी सिमेंटचा ओटा, खाली पार खडकाला टेकलेला, अन् ओट्याच्या चहूकडं बोटभर फट. म्हणजे फरशीवर कुणी नाचलं तरी ओट्याला कळू नये. यंत्र ओट्यावर बसवलं. त्याला खाली लोखंडी चौकट, अन् पाठीमागं एक बारकुसा पंखा, आतलं सामान गरम होऊ नये म्हणून. तिथून वायर निघून बाहेर लिंबाखाली लॅपटॉपला. एकदा दार लावलं की आत कुणी जायचं न्हाई. माणूस आत गेला की यंत्राला परत शांत व्हायला अर्धा दिवस लागतो, असं बाई म्हणल्या.

गफारचाचानं नारळ आणला होता. नवीन इंजिन विहिरीवर बसवलं तरी आमी नारळ फोडतो, मग हे तर केवढं यंत्र. सर म्हणले, "नाही नाही, इथे पूजा वगैरे काही नको. एक धक्का बसला तरी सगळं बिघडेल."

चाचा म्हणला, "बराबर हाय," अन् नारळ खिशात कोंबला. तो दिवसभर त्याच्या खिशात लोंबत होता.

पण मपल्या जिवाला चैन पडंना. यंत्र चालू होतंय अन् त्याला काहीच न्हाई? दार लावायचं काम मलाच सांगितलं होतं. जीपसाठी आणलेलं लिंबू होतं, सात मिरच्या होत्या, बिब्बा होता. काळा दोरा घेतला, आज्यानं शिकवल्यापरमाणं बांधणाऱ्याच्या हाताची एक वीत मापला, अन् यंत्राच्या लोखंडी चौकटीला मागल्या बाजूनं, कुणाला दिसू नये असं लिंबू बांधलं. कशाला धक्का लागू दिला न्हाई. मग दार लावलं, कुलूप घातलं, अन् लई मोठं पुण्य केल्यावानी बाहेर आलो.

बुधवार, सेनगावची गिरणी

सकाळी लॅपटॉपवर रेघ बघितली तर करवतीचे दात. सरांनी समजावून सांगितलं, रेघ सपाट पाहिजे होती. ही वर-खाली, वर-खाली, एकसारखी, थांबायचं नाव न्हाई. सेकंदाला जरा कमी एवढ्या वेळात एक हेलकावा.

सर हळू आवाजात म्हणले, "मॅडम, राग मानू नका. यंत्राला चाळीस वर्षं झाली. स्प्रिंग थकली असेल."

बाईंनी चष्मा पुसला. "थकलं असतं तर वेडंवाकडं हललं असतं. हे बघ किती शिस्तीत आहे. काहीतरी खरंच हलतंय, आणि यंत्र ते सांगतंय."

"शनिवारी मला लिहावं लागेल."

"मग शनिवारपर्यंत शोधू."

सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं तवा मला कळलं काय पणाला लागलंय ते. पुण्यात त्यांच्याकडं नवीन यंत्रं आली होती. बाईंनी हट्ट करून हे जुनं आणलं होतं. ह्या खेपंला जर ह्यानं खोटं दाखवलं, तर त्याला काचंच्या कपाटात ठेवणार होते. पाहुण्यांनी बघावं म्हणून. मला यंत्राचं काही कळत न्हाई, पण काचंच्या कपाटात ठेवलेलं माणूस कसं दिसंल ते मला कळतं.

अन् मनात मी म्हणलं, बरं झालं लिंबू बांधलं. न्हाई तर अजून किती हललं असतं.

बाईंनी युक्ती काढली. आजूबाजूला जे जे एकसारखं हलतं ते एकेक थांबवायचं, अन् रेघ थांबती का बघायचं. सर लॅपटॉप उघडून बसणार, गफारचाचा फोन धरून बसणार, कारण रेंज फक्त चाचाच्याच फोनला. अन् मी अन् बाई जीप घेऊन फिरणार.

पहिली सेनगावची पिठाची गिरणी. गिरणीवाला भागवत मला बघताच म्हणला, "केरबा, मागच्या महिन्यात डबा ठेवून गेला तो न्यायला आलास व्हय? त्याच्यात पोरकिडे झाले."

मी म्हणलं, "डबा राहू दे. गिरणी दहा मिनिटं बंद कर."

रांगंत पाच-सहा बायका होत्या. एक म्हातारी डब्यावर बसलेली. ती म्हणली, "काहून बंद करायची?"

बाई म्हणल्या, "आजी, आम्ही जमीन किती हलते ते मोजतोय."

"आधी ह्याचं माप मोज बाई. दर खेपंला पसाभर पीठ कमी येतं."

भागवतानं रागानं गिरणी बंद केली. मी फोन लावला. "चाचा, थांबलं का?"

"नै केरबा, वैसाच हिल रहा. बराबर वैसाच."

गिरणी परत चालू झाली. म्हातारीनं बाईंचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं अन् पीठ मापून होईपर्यंत सोडलं न्हाई. त्या दिवशी म्हणं पसाभर पीठ जास्त आलं.

मग करवतीची मिल, मग विहिरीवरच्या तीन मोटारी, मग एका घरचा पाळणा. पाळण्याची मपलीच अक्कल. लेकराच्या मायला सांगून दहा मिनिटं पाळणा थांबवला, लेकरू उठलं अन् त्यानं अशी बोंब मारली की बाई म्हणल्या, "केरबा, हा आवाज मात्र रेघेवर दिसला असेल." तोबी दिसला न्हाई.

गुरुवार, नरसी नामदेव

नरसीला रसवंती हाय. आता तिला मोटार बसवली, पण चाकाला घुंगरं अजून बांधलेली. एकसारखी छनछन. मला खातरी वाटली की चोर हाच. बाईंनी आधी दोन गिलास रस पिला, बर्फ घालून. पुण्यात त्यांना डॉक्टरानं गोड बंद केलंय म्हणं. "इथे कोण बघतंय," म्हणल्या. मी म्हणलं, "बाई, यंत्र बघून राहिलंय." तवा त्या लई हसल्या.

रसवंती थांबवली. चाचाचा फोन. "वैसाच हिल रहा."

मग राहिली देवळाची घंटा. मी म्हणलं पुजाऱ्याला सांगतो, दहा मिनिटं कुणाला वाजवू देऊ नका. बाई एकदम म्हणल्या, "नाही. देवाची घंटा थांबवायची नाही. लोक लांबून येतात. कधी कधी वाजली ते फक्त ध्यानात ठेवायचं, मग रेघेवर जुळतं का बघू."

आता मला लिहिता येत न्हाई. बाई झाडाखाली घड्याळ धरून बसल्या अन् मला पायरीवर बसवलं. ठरलं असं की एक घंटा वाजली की मी एक खडा खिशात टाकायचा, अन् दर पाच मिनिटांनी त्यांनी हात वर केला की एक पान. मी मन लावून टाकले. लोकं दर्शन घेऊन जाताना मला बघून नमस्कार करायले, एका बाईनं तर मपल्या पुढं केळं ठेवलं. अर्ध्या तासानं उठलो तर खिशात एक पान अन् एक खडा. खिसा फाटका. सगळे खडे पायरीवरून खाली घरंगळून गेलते अन् दोन लेकरं ते गोळा करून खेळून राहिली होती.

बाईंना सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी खडा घेतला, तळहातावर ठेवला अन् म्हणल्या, "मी पहिलं माप घेतलं तेव्हा संपूर्ण आठवड्याचा कागद उलटा लावला होता. सरळ रेघ बघून आनंदानं पेढे वाटले."

"मग?"

"मग उरलेले पेढे मीच खाल्ले आणि परत मोजलं."

बरं, घंटा रेघेवर दिसतच नव्हती. बाई म्हणल्या, ह्याचा अर्थ तिचा हादरा माळापर्यंत पोचतच न्हाई. म्हणजे जमीन गप्प हाय. मग हलवतंय कोण?

गफारचाचाच्या घरी जेवण होतं. चाचीनं खिचडी अन् तिळाचं आंबट खट्टं केलतं, वर पापड. बाई म्हणल्या, आमच्याकडे आमटीत गूळ घालतात. चाचीनं विश्वासच ठेवला न्हाई. "गूळ? डाळीत? काहून, डाळीनं काय वाईट केलं?" मग चाचानं बाईंना लई तकलीफ झाल्यावानी तोंड करून इचारलं, "बाई, मपली जमीन हिलती म्हणून लिहिणार का? बापजाद्याची जमीन हाय. लोकं म्हणतील गफारची जमीन टिकून राहत न्हाई."

बाई म्हणल्या, "चाचा, अजून काही लिहिलेलं नाही."

शुक्रवार, वारंगा फाटा

सर म्हणले, हायवेचे ट्रक बघून या, म्हणजे मनात राहायला नको. हिंगोली, कळमनुरी, बाळापूर करत आमी सकाळीच निघालो. रस्त्यात मी इचारलं, "बाई, तुमी नेमकं काय केलं? सर तुमच्या समोर बसतबी न्हाईत, उभेच राहतात."

त्यांनी सांगितलं. त्या कामाला लागल्या तवा असली यंत्रं बाहेरच्या देशातून यायची. एक बिघडलं तर वर्षभर सुटा भाग येईना. मोठे मोठे लोक म्हणले, थांबा. बाई थांबल्या न्हाईत. एक वजन टांगलं, त्याला बारका आरसा लावला, अन् उजेड त्याच्यावर पाडला. आरसा किती हलला ते उजेडावरून मोजलं. उजेडात लाटा असत्यात म्हणं, तळ्यात असत्यात तशा, पण इतक्या बारीक की एका केसाच्या जाडीत शेकड्यानं बसतात. त्या लाटा मोजायच्या.

"म्हणजे उजेडाची फूटपट्टी," मी म्हणलं.

बाई माझ्याकडं बघून म्हणल्या, "चाळीस वर्षं मी हे शिकवते. असं सोपं मला कधी सांगता आलं नाही."

माझी छाती इतकी फुगली की स्टेअरिंगला लागली. त्या नादात बाळापूरच्या पुढचा स्पीडब्रेकर मला दिसला न्हाई. बाईंचं डोकं छताला आपटलं. त्या म्हणल्या, "हा हादरा नक्की दिसला असेल," अन् डोकं चोळत वही काढून वेळ लिहून घेतली. बाहेरच्या देशातली माणसं मग हे यंत्र बघायला आली, त्यांनी तसलीच यंत्रं केली, हे त्यांनी डोकं चोळत चोळतच सांगितलं, जसं आपण भावाच्या लग्नाचं सांगतो.

वारंगा फाट्याला ट्रकची रांग. तिथं एक वजनकाटा हाय, त्याचा मालक खुर्चीवर बसलेला. बाईंनी त्याला इचारलं, "तुमचा काटा किती फरक धरतो?"

"धा किलो. अख्खा ट्रक चढू द्या, धा किलो इकडं तिकडं झालं की सांगतो. पूर्ण जिल्ह्यात असा काटा न्हाई."

"आणि रोज तपासता?"

"रोज सकाळी. ठरलेलं वजन ठेवून. न्हाई तर ह्याच्यावर विश्वास कोण ठेवंल?"

बाई वाकून वजनं बघायला लागल्या, दोघं असे बोलले की जसे एकाच शाळेत होते. मग त्यानं इचारलं, "बाई, तुमचा काटा काय धरतो?"

"माशी बसली तरी कळतं."

तो खुर्चीवरून उठला. मग माझ्याकडं वळून म्हणला, "गाडी घे रे वर." आधी जीप माझ्यासकट, मग मी उतरून. मी घरी सत्तर किलो सांगितलेलं हाय. काट्यानं नव्वद दाखवलं. काटेवाला म्हणला, "धा किलो इकडं तिकडं." (सुनंदानं हे वाक्य दोनदा लिहिलं होतं. एक मी काढायला लावलं.)

ट्रकचं काही निघालं न्हाई. रांग आली तरी रेघ तेवढीच, रांग गेली तरी तेवढीच. चाचाचा फोन आता इचारायच्या आधीच सांगायचा, "वैसाच."

दुपारी परत माळावर आलो. ऊन कलायला लागलं तवा बाई लॅपटॉपसमोर बसल्या अन् बराच वेळ नुसत्या रेघ बघत राहिल्या. मग म्हणल्या, "केरबा, जीपची किल्ली द्या. आणि एक दोरा."

दोऱ्याला किल्ली बांधली. रेघेच्या शेजारी धरून झुलवली. किल्ली सावकाश, रेघ घाईत. दोरा आखूड केला. किल्ली घाईत, रेघ सावकाश. बोटभर सोडला, जरा ओढला, परत सोडला. अन् मग एका जागी किल्ली अन् रेघ बैलजोडीवानी एका पावलानं चालायला लागली.

बाई म्हणल्या, "कुठलीही टांगलेली वस्तू किती वेळात झुलते, ते तिच्या दोऱ्यावर असतं. वस्तू केवढी का असेना. म्हणजे आपल्याला हलवतंय ते टांगलेलं आहे. आणि दोरा एवढा आहे." सरांनी पट्टी लावली. एकवीस सेंटिमीटर.

टांगलेलं काय असंल? चाचा म्हणला, कंदील. सर म्हणले, लंबकाचं घड्याळ. मी म्हणलं, एकवीस म्हणजे केवढं हो, अन् सवयीनं मपली वीत त्या दोऱ्यावर ठेवली.

अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला किल्ली. बराबर.

मी वीत उचलली अन् हात मागं लपवला, जसा हातच चोर होता. "घड्याळच असंल," मी म्हणलं.

शनिवार, माळ

शनिवारी लिंबू बदलायचं असतं. जीपचं जुनं लिंबू काढून नवीन बांधून राहिलो होतो. खोलीची किल्ली मपल्याच खिशात होती. डोक्यात आलं, गुपचूप आत जावं, ते काढून आणावं, वाटंत फेकून द्यावं. रेघ सपाट होईल, बाई खूश, चाचा खूश, मी सुटलो.

कुलपाला हात लावणार तेवढ्यात लिंबाखालून सरांचा आवाज आला. "मॅडम, आता हे आपोआप थांबलं तरी मला लिहावंच लागेल. कारण सापडलं नाही तर दोष यंत्राचाच म्हणतील. मनाला येईल तेव्हा हलतं, मनाला येईल तेव्हा थांबतं."

बाई म्हणल्या, "बरोबर आहे तुझं. लिही."

चाळीस वर्षं ज्या बाईनं कुणाच्या थांबा म्हणण्याला मानलं न्हाई, ती लिही म्हणली. मी तिथून चालत लिंबाखाली गेलो.

"बाई," मी म्हणलं, "ते मपलं लिंबू हाय."

कुणाला कळंना. सरांनी झाडाकडं बघितलं. मग मी सगळं सांगितलं. काळा दोरा, सात मिरच्या, बिब्बा, चौकटीची मागची बाजू. सांगताना मी माणसाकडं न्हाई, बाईंच्या बुटाकडं बघून राहिलो होतो.

चाचा म्हणला, "केरबा, तीन दिवस तू गिरण्या बंद करत फिरला. अन् तुझं लिंबू?"

"व्हय."

"त्या लेकराचा पाळणाबी थांबवला."

"व्हय चाचा."

सर काही तरी जोरात बोलणार होते. बाईंनी हात वर केला, खड्डा आल्यावर करायच्या तसा. अन् मग त्या उठल्या, पट्टी घेतली, अन् माझ्या मागं खोलीत आल्या. पंखा हळूच वारं टाकून राहिला होता, अन् मपलं लिंबू चौकटीला टांगलेलं, इकडून तिकडं, इकडून तिकडं, इतकं बारीक की डोळ्याला दिसतच नव्हतं, जवळ गेल्यावर कळलं. बाईंनी काढायच्या आधी मापलं. गाठीपासून लिंबाच्या पोटापर्यंत. एकवीस सेंटिमीटर.

त्या सरांना म्हणल्या, "बघ. चार दिवस ओरडून सांगत होतं. एक वस्तू टांगली आहे, एवढ्या दोऱ्याला. आपल्यालाच ऐकू आलं नाही."

सरांनी पट्टी हातात घेऊन स्वतः परत मापलं. मग यंत्राच्या पेटीवर हळूच हात ठेवला. मोठ्या माणसाच्या पायाला लावतात तसा. "मी संध्याकाळपर्यंत थांबतो," म्हणले.

दार लावलं. अर्धा दिवस आमी हललो न्हाई. चाचानं शेळ्या लांब नेऊन बांधल्या, चाचीला उखळ वापरू दिलं न्हाई, मला तर श्वास हळू घे म्हणला. दुपार झाली, रेघेचे दात बोथट झाले. ऊन उतरलं तवा लिंबाची सावली लांब पडली होती, अन् लॅपटॉपवर रेघ अशी पडली होती जशी कुणी तेलाच्या बोटानं ओढली.

सर लई वेळ बघत राहिले. म्हणले, "मॅडम, इतकी शांत जमीन मी बघितली नव्हती."

तेवढ्यात रेघेला एक बारकं कुसळ आलं अन् गेलं. बाईंनी घड्याळ बघितलं. "रस्त्यानं एसटी गेली असेल."

चाचा म्हणला, "सेनगावची गाडी. आज येळेवर आली. हे लिहा."

सरांनी लिहिलं, माळ गप्प हाय अन् यंत्र खरं हाय. चार दिवस वाया कशानं गेले तेबी लिहावं लागतं म्हणं, खोटं चालत न्हाई त्यांच्यात. म्हणून तिथं लिंबू एक, मिरच्या सात असंबी लिहिलंय. चाचानं खिशातला नारळ काढला अन् बाईंना इचारलं, आता? बाई म्हणल्या, आता. पण लांब, त्या बांधावर. चाचानं बांधावर जाऊन फोडला, अन् आमी सगळे पळत लॅपटॉपजवळ आलो. नारळ दिसला रेघेवर. एवढुसा. सगळ्यात जास्त खोबरं चाचानं खाल्लं.

सर यंत्रापाशी माळावरच थांबले, अन् संध्याकाळी मी एकट्या बाईंना हिंगोलीच्या स्टेशनवर सोडलं. गाडीला वेळ होता. बाकावर बसून त्यांनी वही काढली, कोरं पान उघडलं अन् म्हणल्या, "केरबा, हात ठेवा इथे. वीत पसरून."

"काहून?"

"अहवालात दोरा एक वीत असं लिहिलंय. वीत कुणाची, ते नोंदवायला नको? माप घ्यायचं तर कशानं घेतलं ते लिहावं लागतं."

मी हात पँटीला पुसला अन् पानावर ठेवला. बाईंनी पेन्सिलीनं अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हाताच्या कडंनं रेघ फिरवली. गुदगुल्या झाल्या तरी मी हललो न्हाई, मला तर आता हलायची भीतीच बसलेली. मग त्यांनी खाली माझं नाव, गाव लिहिलं, अन् वाचून दाखवलं.

रेशन घ्यायला अंगठा, बँकेत अंगठा, सिमकार्डाला अंगठा. जलमभर सगळ्यांनी मपला अंगठाच मागितला. ह्या बाईनं अख्खा हात घेतला.

गाडी गेल्यावर परत येताना मी सेनगावपर्यंत पहिल्याच गेअरमधी आलो. कुणी बसलेलं नव्हतं, पेटीबी नव्हती. उगंच. मागून बैलगाडीवाला आला, मंगळवारचा तोच. त्यानं परत टोपी काढली.

मी म्हणलं, "घाल टोपी. सगळे जिवंत हायत."